जुन्या परफॉर्मन्स कारचे चारही शॉक ॲब्सॉर्बर बदलायला सांगितलेत. खरंच बदलावेत का?

तुम्ही लिहिलंय की गाडी वीसेक वर्षं जुनी, मागच्या चाकांवर चालणारी परफॉर्मन्स कूपे आहे. छोट्या खड्ड्यांवरून हळू जाताना पुढून टकटक वाजतं, जोरात ब्रेक दाबला की स्टिअरिंग खेचलं जातं, आणि वेगात असताना मागचा भाग भरवशाचा वाटत नाही. गॅरेजमध्ये गाडी वर न उचलताच ‘चारही शॉक गेलेत’ असं सांगितलं.

माझं मत स्पष्ट आहे: आत्ताच शॉक घेऊ नका. ते गेलेले असतीलही. पण तुमच्या तीन तक्रारींपैकी त्यांचा मोठा हात असू शकतो तो तिसरीत. पहिल्या दोन बहुतेक बुश (सस्पेन्शनच्या जोडांत बसवलेले रबरी तुकडे) आणि सांध्यांच्या आहेत. रबर नुसत्या किलोमीटरनी झिजत नाही, वर्षांनीही मरतं. त्यामुळे गाडी कमी चालली आहे म्हणून बुश चांगले असतील असं धरू नका. आणि सैल बुश तसेच ठेवून नवे, कडक शॉक बसवले तर गाडी आधीपेक्षा जास्त वाजते, कारण शॉकने अडवलेला धक्का त्याच सैल सांध्यांतून बॉडीपर्यंत जातो.

पाना हातात घेण्याआधी टायर बघा. टायरच्या बाजूला ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, ते टायर कधी बनला ते सांगतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. अशा गाड्या कमी वापरल्या जातात, त्यामुळे नक्षी भरपूर शिल्लक असते आणि रबर मात्र दगड झालेलं असतं. त्या टायरवर कुठलीही गाडी घसरट वाटेल. मग नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन, बिघडलाय. फक्त आतली कड खाल्ली असेल तर टो किंवा कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा तिरकेपणा). टायरच्या घेरावर थोड्या थोड्या अंतरावर खोलगट डाग पडले असतील तर मात्र शॉकवर संशय घ्यायला जागा आहे, कारण तिथे चाक रस्त्यावर उड्या मारतंय.

गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि झीज आकडा बिघडवते, हबपासून मोजलं तर नाही. डाव्या-उजव्यात सेंटिमीटरभर किंवा त्याहून जास्त फरक निघाला तर स्प्रिंग नीट बघा. स्प्रिंगचं खालचं टोक गंजून तुटतं आणि तुकडा बैठकीतच अडकून राहतो, त्यामुळे वरवर काही कळत नाही. हे आकडे जपून ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता टकटक. यात पहिला संशय लिंक रॉडवर, म्हणजे अँटी-रोल बारला (वळणावर गाडी फार कलू न देणारी आडवी सळई) स्ट्रटशी (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब) किंवा आर्मशी (चाकाला बॉडीशी जोडणारा दांडा) जोडणाऱ्या बारीक दांड्यांवर. एकच चाक जॅकवर उचलून लिंक हलवून बघतात आणि ‘ठीक आहे’ म्हणतात. पण एक चाक खाली लोंबतं तेव्हा बार पिळला जातो, लिंकवर ताण येतो आणि तिचा खेळ लपतो. पुढची दोन्ही चाकं एकत्र उचला, गाडी स्टँडवर घ्या आणि मग लिंक हाताने हलवा. तरी खात्री नसेल तर दोन्ही बाजूंच्या लिंक सोडवा, लोंबणारी टोकं चाकाला किंवा ब्रेकच्या नळीला लागणार नाहीत अशी बांधा, आणि मोकळ्या जागेत अगदी हळू चालवून बघा. आवाज गेला तर दोष लिंकमध्ये किंवा बारच्या बुशमध्ये. राहिला तर पुढे शोधा. या चाचणीला खर्च काहीच नाही आणि अंदाजबाजी संपते.

त्यानंतर स्ट्रटचं वरचं माउंट. गाडी जमिनीवर उभी असताना एकाला स्टिअरिंग हळूहळू पूर्ण फिरवायला सांगा आणि स्प्रिंगवर नुसती बोटं टेकवा. स्प्रिंग सलग फिरायला हवी. ती अडकून मग ‘टंग’ करून सुटत असेल तर माउंटचं बेअरिंग गेलंय.

चाक वर असताना वरून-खालून धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गायब झाला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा). डाव्या-उजव्या बाजूने धरल्यावर खेळ लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅकच्या आतला सांधा, म्हणजे स्टिअरिंगचे सांधे. मात्र डबल विशबोन गाडीत (जिथे चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मनी धरलेलं असतं) स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल तर जॅक त्या आर्मखाली लावा, नाहीतर स्प्रिंगचा दाब बॉल जॉइंटला घट्ट धरून ठेवतो आणि गेलेला जॉइंटही चांगला वाटतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (जिथे वरचा आर्म नसतो, स्ट्रटच चाक धरतो) हा प्रश्न येत नाही, तिथे चाक मोकळं लोंबू द्या.

ब्रेकवर खेचण्याचं बघताना आधी एक गोष्ट ठरवा: गाडी नेहमी एकाच बाजूला जाते की कधी डावीकडे, कधी उजवीकडे? नेहमी एकाच बाजूला जात असेल तर टायर आणि ब्रेक आधी तपासा. थोडं चालवून आल्यावर दोन्ही चाकांच्या जवळ हात न्या. एक चाक स्पष्टपणे जास्त तापलं असेल तर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकतोय. कधी इकडे, कधी तिकडे जात असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश जवळजवळ नक्की. ब्रेक लागल्यावर रस्ता चाकाला मागे ढकलतो आणि तो जोर हा बुश पेलतो. तो फाटला की आर्म सरकतो, कॅस्टर (बाजूने पाहिल्यावर स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) आणि टो दोन्ही बदलतात, आणि तुम्ही स्टिअरिंग न फिरवता चाक वळतं. पुष्कळ परफॉर्मन्स गाड्यांत हा बुश आतून द्रव भरलेला असतो. त्याच्या खाली काळपट ओघळ दिसला तर तो फुटलाय, पुढे तपासायची गरज नाही. ओघळ नसेल तर पहार घालून हलकेच रेटा आणि रबराच्या भेगा किती खोल उघडतात ते टॉर्चने बघा. वरवरच्या बारीक रेघा वयाच्या असतात. लोखंडी नळीपासून रबर सुटलेलं दिसलं की बदलायचा.

मागच्या भागाचं जरा नीट समजून घ्या, कारण शॉकवर पैसे जातात ते इथेच. वेगात रस्त्याच्या एखाद्या लाटेवरून गेल्यावर बॉडी दोन-तीनदा वर-खाली होत राहते का? मग शॉक. की ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागचा भाग किंचित एका बाजूला सरकतो आणि पुन्हा दाबला की परत येतो? मग शॉक नाही, ट्रेलिंग आर्मचे (मागच्या चाकाला पुढून धरणारा आर्म) किंवा सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन ज्यावर बसतं ती चौकट) बुश. मागच्या चाकांचा टो एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने बदलला तरी गाडी मागून वळते, आणि ती गोष्ट हाताला कळण्याआधी पाठीला कळते. बॉनेट दाबून सोडून शॉक तपासण्याची पद्धत कडक स्प्रिंगच्या गाड्यांत फारशी कामाची नाही, पूर्ण मेलेला शॉक तेवढा कळतो. शॉकवर तेलाचा पातळ थर आणि त्यावर धूळ हे चालतं. ओला ओघळ खालपर्यंत आला असेल तर तो गेला.

मागे खाली शिरलाच आहात तर सबफ्रेम जिथे बॉडीला जोडली जाते तिथला पत्रा उजेडात, घासून स्वच्छ करून बघा. बीएमडब्ल्यूच्या ई-46 पिढीच्या 3-सिरीजमध्ये आणि तिच्या एम3 मध्ये इथला फ्लोअर तडकतो, हे त्या गाड्यांचं जगजाहीर दुखणं आहे. तिथे भेगा वेल्ड करून वर मजबुतीच्या पट्ट्या लावाव्या लागतात. तुमची गाडी दुसरी असली तरी त्या जागी गंज किंवा भेग असेल तर बाकी सगळं काम थांबवा आणि आधी ते करा.

दुरुस्तीत एक गोष्ट कुणालाही टाळू देऊ नका. रबरी बुशची आतली नळी बोल्टने आवळली की ती जागीच पक्की होते आणि आर्मची सगळी हालचाल रबर पिळून होते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळले तर गाडी खाली उतरवताच बुश कायमचा पिळलेला राहतो. गाडी किंचित उंच बसते आणि नवे बुश लवकर फाटतात. म्हणून बोल्ट आधी नुसते हाताने बसवायचे, मग हबखाली जॅक लावून तुम्ही लिहून ठेवलेलं हब-ते-मडगार्ड अंतर मिळेपर्यंत चाक वर घ्यायचं, आणि त्या स्थितीत टॉर्क रेंचने कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचे. दोन मिनिटं जास्त लागतात. मेकॅनिकसमोर उभं राहून करून घ्या. लॉकनट आणि एकदाच वापरायचे बोल्ट नवेच घाला.

पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत का, हा प्रश्न येणारच. अँटी-रोल बारवर खुशाल घ्या. ट्रेलिंग आर्मवर मात्र मी रबरच घालीन. तो सांधा एकाच अक्षावर फिरत नाही, तिरकाही होतो. कडक पॉली तिथे अडकतो आणि तो जोर बॉडीच्या पत्र्यावर जातो. स्वस्त कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकचा तयार जोड) तर नकोच. स्प्रिंग कडक आणि डॅम्पिंग, म्हणजे शॉकचा आवर, तिला न शोभणारं, असा जोड मिळाला तर मूळ गाडी ज्या कारणासाठी घेतली तेच हरवतं.

शॉक खरंच गेलेले निघाले तर पुढचे दोन किंवा मागचे दोन जोडीने बदला, आणि सोबत बम्प स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर धक्का घेणारा ठोकळा), धूळकव्हर, वरची माउंट नवी घाला. ती जुनी ठेवली तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. स्ट्रटवरची स्प्रिंग उतरवायला चांगला कॉम्प्रेसर हवा. दबलेली स्प्रिंग सुटली तर हात-तोंड फोडते, त्यामुळे सवय नसेल तर ते काम बाहेर करून घ्या.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, सगळ्यात शेवटी, आणि चारही चाकांची. जाण्याआधी मागचे ॲडजस्टमेंटचे बोल्ट फिरतात का बघा. जुन्या गाड्यांत ते बुशच्या नळीत गंजून बसतात, होंडा एस2000 त्यासाठी बदनाम आहे. बोल्ट अडकलेला असेल तर काही ठिकाणी फक्त पुढचा टो सेट करून ‘झालं’ म्हणतात. तेव्हा आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची छापील प्रत मागा आणि त्यात मागच्या दोन्ही चाकांचा टो आणि थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीच्या मध्यरेषेपासून किती तिरकी रोखलेली आहेत तो कोन) बघा. मागचा आकडा आधी होता तोच छापून आला असेल तर त्या बोल्टला कुणी हात लावलेला नाही.

लिंक सोडून केलेल्या चाचणीत काय झालं आणि हब-ते-मडगार्डचे चार आकडे इथे लिहा. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.