स्वाझीलँडचे विरोधी पक्षनेते मारियो मासुकू मुखियाच्या घराण्यातले होते, मग राजाविरुद्ध का गेले? शेवटी हाती काय लागलं?

हाती काय लागलं, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसलोय.

आफ्रिकेतल्या स्वाझीलँडमध्ये (2018 पासून एस्वातिनी) मात्साफाच्या एका कारखान्यात मी हिशेब बघायचो. 2014 च्या कामगार दिनी केलेल्या भाषणावरून मासुकूंना उचललं. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यावर मोठ्याने बोलणारा मी एकटाच. शेजारी आमचा स्टोअरकीपर. त्याने हातातला घास ताटात ठेवला, दाराकडे पाहिलं आणि मला गप्प बसायची खूण केली. संध्याकाळी फाटकाबाहेर म्हणाला, "माझ्या आईचं घर मुखियाने दिलेल्या जागेवर आहे."

एवढं पुरे होतं. तिथे खेड्यातली बहुतेक जमीन राजाच्या ताब्यात, वाटप मुखियामार्फत. सातबारासारखा कागद हातात नसतो. मुखियाची मर्जी फिरली तर माणूस जाणार कुठे?

आमचे एक मराठी साहेब मात्र ठासून म्हणायचे, "राजाच्या मुखियांच्या घरात वाढला आणि राजावरच उलटला!" त्यांच्याशी माझं कायम वाजायचं. अहो, ज्याच्या घरातून ही सत्ता चालते, त्यालाच ती आतून दिसते. तो बोलला तर हरामखोर, आणि बाहेरचा बोलला तर 'त्याला काय कळतंय'. मग बोलायचं कुणी?

1973 मध्ये राजा सोभुझांनी घटना गुंडाळून पक्षांवर बंदी घातली. 1983 मध्ये पुडेमो हा पक्ष लपूनछपून उभा राहिला, मासुकू वर्षानुवर्षं त्याचे अध्यक्ष. 2000 मध्ये राजद्रोहाचा आरोप, 2002 मध्ये निर्दोष. 2008 मध्ये एका अंत्यविधीतल्या भाषणावरून दहशतवादविरोधी कायदा लावला. जवळपास वर्षभर तुरुंग, पुन्हा निर्दोष. 2014 च्या अटकेनंतर मधुमेह असूनही चौदा महिने जामीन नाही. 2016 मध्ये हायकोर्टाने राजद्रोह आणि दहशतवादाच्या त्या कायद्यांतली बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली. हे हाती लागलं. पुढे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, हेही खरं. तुम्हाला कमी वाटत असेल, मला नाही वाटत.

त्यांच्या पक्षाचं सगळंच मला पटायचं असं नाही. नुसते पक्ष आले की गरिबी हटेल, हेही खरं नाही. आणि राजावर मनापासून श्रद्धा असलेली माणसं तिथे भरपूर आहेत, ती सगळी काही घाबरलेली नाहीत.

पण साहेब म्हणायचे, 'लोक सुखात आहेत, हा एकटाच ओरडतोय.' मासुकू जानेवारी 2021 मध्ये गेले. त्याच जूनमध्ये पोरं रस्त्यावर उतरली, सरकारने गोळ्या घातल्या, कित्येक जण मेले. साहेब हे वाचत असतील तर त्यांनी सांगावं, ती पोरं कुणाच्या घराण्यातली होती?