कुराणात स्त्रियांनी डोके झाकण्याची स्पष्ट आज्ञा आहे का?

कुराणातील सूरह अन-नूर या अध्यायाच्या 31व्या आयतीत (वचनात) स्त्रियांनी ओढणी छातीवर ओढून घ्यावी, असे सांगितले आहे. तिथे केसांचा वेगळा उल्लेख नाही, मात्र ओढणी डोक्यावरून घेण्याची प्रथा अरबस्तानात आधीपासूनच असल्याने चारही सुन्नी मझहबांनी (धार्मिक कायद्याच्या परंपरांनी) केस झाकणे बंधनकारकच मानले. चेहरा व हात वगळून बाकी शरीर झाकावे, असे सांगणारी अस्मा (पैगंबरांच्या पत्नी आयशा यांची बहीण) यांच्याविषयीची हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींची परंपरेने आलेली नोंद) मात्र जपूनच वापरावी, कारण ती नोंदवणाऱ्या अबू दाऊद यांनीच ती एकाकडून दुसऱ्याकडे सांगत आलेल्यांच्या साखळीतला एक दुवा तुटलेला असल्याचे नमूद केले आहे. डोके न झाकल्याबद्दल ऐहिक शिक्षा कुराणात कुठेही सांगितलेली नाही. इराणमधील शिक्षा तिथल्या सरकारच्या कायद्यातून येते.