क्षार कमी झाले, पण कोणते?

इंदूरच्या रामबागेतून एका ताईंनी विचारलंय: उलट्यांनी गळून गेलेल्या सासूबाईंना डॉक्टर म्हणाले, ‘शरीरातले क्षार कमी झालेत.’ हिंदी माध्यमात अकरावीला असलेला मुलगा म्हणतो, क्षार कमी म्हणजे ॲसिड वाढलं, आजीला खायचा सोडा द्या. खरं कोणाचं?

डॉक्टरांचं. सोडा अजिबात देऊ नका. हा घोळ इंदुरात सारखा कानावर येतो आणि दर वेळी चीड येते. मराठी पाठ्यपुस्तकात क्षार म्हणजे सॉल्ट. हिंदीत सॉल्टला लवण म्हणतात, आणि क्षार म्हणजे ॲसिडच्या विरुद्ध गुणाचा पदार्थ, अल्कली. डॉक्टर मराठीत बोलले, नातवाने हिंदीत ऐकलं. उलट्यांत जठरातलं ॲसिड बाहेर पडतं, म्हणून रक्त अल्कलीकडेच झुकतं. जोराच्या जुलाबांत अल्कली गुणाचं बायकार्बोनेट जातं, तेव्हा ॲसिड वाढतं. सोडियम-पोटॅशियम मात्र दोन्हींत जातं.

पण मुलाला बोलू नका, दोष परिभाषा ठरवणाऱ्यांचा आहे. क्षार म्हणजे मुळात राखेतून काढलेला दाहक पदार्थ. वनस्पती जाळायची, राख पाण्यात कालवायची, गाळायची, आटवायची: सुश्रुतसंहितेत यावर अख्खा अध्याय आहे, आणि तिथे शब्दाचा संबंध ‘क्षरण’शी, म्हणजे झरण्या-झिजण्याशी जोडलाय. काही भाषाशास्त्रज्ञ तो ‘क्षा’ म्हणजे जळणे, याच्याकडे नेतात. मला मुळीच पटत नाही. राखेचं पाणी फडक्यातून थेंब-थेंब झिरपताना ज्याने पाहिलंय, त्याला ‘क्षर्’च सुचेल. ‘अक्षर’ही त्यातलंच, जे झरून जात नाही ते.

अरबीतलं ‘अल्-कली’ हीदेखील वनस्पतीची राखच! त्यावरून लॅटिन कॅलियम, म्हणून सासूबाईंच्या रिपोर्टात पोटॅशियमची खूण ‘के’. पोटॅशियम हे नावही भांड्यात आटवलेल्या राखेवरून पडलं. आपला जवखार तरी काय? जवाची राख, पोटॅशियमने भरलेली.

पापडखार, सज्जीखार, जवखार, टाकणखार, सगळे अल्कलीच. एवढं घरात असून सॉल्टला क्षार म्हटलं, आणि रिकाम्या झालेल्या जागी, ॲसिडच्या विरुद्ध पदार्थासाठी, ‘आम्लारी’ हा शब्द घडवावा लागला. मीठ ‘खारट’ म्हणून सॉल्टला क्षार, असा दाखला देणाऱ्यांना सांगतो, ती जिभेची चव आहे, रसायनशास्त्राची व्याख्या नव्हे. ‘लवण’ तयारच होता, तो का नाकारला?

ताई, ओआरएस घोट-घोट पाजा. लिटरभर पाण्याच्या पुडीत 2.6 ग्रॅम मीठ आणि 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं, हे डॉक्टरांचे क्षार. उलट्या थांबल्या नाहीत किंवा लघवी कमी झाली, तर लगेच दवाखान्यात न्या.