जावई ठाण्याचा की जेटीवरचा?

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगी 25 वर्षांची, पतपेढीत कामाला. ठाण्याचं स्थळ सांगून आलंय: आयटीत नोकरी, टू बीएचके, गाडी. मुलीच्या मनात मात्र जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा मुलगा आहे. ‘मुलगा वाईट नाही, पण हात कायम काळे. दोन्ही जावांचे जावई मुंबईला. भावकीत काय सांगू?’ असं त्या विचारतात.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ठाण्याचा फ्लॅट किती चौरस फुटांचा, कितव्या मजल्यावर, सगळं त्यात आलंय. मुलगा बोलायला कसा, ते कुठेच नाही. आणि ज्याला तुम्ही नको म्हणताय त्याच्याबद्दल, बहुतेक तुमच्याही नकळत, एक वाक्य लिहून गेलात. विहिरीवरचा पंप बघायला आला तेव्हा पडवीत सासूबाईंपाशी बसला, त्यांना ऐकू येत नाही म्हणून तीच गोष्ट चार वेळा सांगितली, पण आवाज चढवला नाही. घरची माणसं दुसऱ्या वेळेलाच वैतागतात. मी तर वैतागतेच.

माझ्या आत्याचं लग्न ठरलं ते ‘मुंबईत गिरणीत पर्मनंट’ एवढ्या तीन शब्दांवर. तेव्हा आमच्याकडे याहून मोठं स्थळ नव्हतं. जानेवारी 1982 मध्ये संप झाला आणि ते पर्मनंट गेलं ते गेलंच. आत्याने खोलीत खानावळ काढली. काका पहाटे उठून तिला पीठ मळून द्यायचे, दुपारी डबे पोचवायचे, रात्री पातेली घासायचे. गावी आले की पडवीत बसून आपणहून सांगायचे, ‘सध्या हिच्या हाताखाली कामाला आहे.’ आणि खो खो हसायचे. काकांचा असा स्वभाव लग्न ठरवताना कोणी बघितलाच नव्हता. आत्याचं नशीब म्हणायचं.

आता पैशाचं. तो दुय्यम वगैरे मी म्हणणार नाही, तुमच्या मुलीला त्यात घर चालवायचंय. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या असतात, इंजिनं उघडायचं काम तेव्हाच निघतं. पण बोटवाल्याच्या हातात पैसा येणार तो पुन्हा मासळी मिळायला लागल्यावर. म्हणजे याची उधारी बरीच असणार. सरळ विचारा त्याला: येणं किती, कर्ज किती, कोणी बुडवलं तर काय करतोस? पैसे अडकले की हाताखालच्या पोराची मजुरी थांबवतो की स्वतःच्या खिशातून देतो, हे तर जेटीवरच कुणीही सांगेल.

ठाण्याच्या मुलालाही विचारा, हप्ते किती वर्षांचे आहेत. तोही भला असेल, फ्लॅट आहे म्हणून त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण ‘आम्हाला काही नको, फक्त लग्न ठाण्यात हॉलवर आणि आमची तीनशे माणसं’ हे त्याच्या आईचं बोलणं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. मला ते खटकलं. मुलगा तेव्हा शेजारीच बसला होता ना? तो काय म्हणाला?

राहिली भावकी. गणपतीला चाकरमानी येतील, जावा विचारतील, नाकं मुरडतील. गौरी-गणपती गेले की कोकणकन्या धरून परत जातील. त्याच्या काळ्या हातांचं म्हणाल, तर ग्रीस रॉकेलने निघतं.

मुलीला घेऊन एकदा निवांत बसा. आणि हो, एवढ्या लांबलचक पत्रात सासूबाईंचं मत कुठेच नाही. त्यांना विचारलंत का? विचारा, पण आवाज न चढवता.