जुनी भांडी विकताना वयाचा दावा

प्रश्न : माझ्या सासरचा वाडा आता विकला जाणार आहे. माळ्यावरची घंगाळे, समया, पायल्या, अडकित्ते आणि चिनी मातीच्या बरण्या माझ्या वाट्याला आल्या आहेत. भांडेवाल्याने सगळे मोडीच्या भावाने मागितले, पण मला ते देववले नाही. या वस्तूंपासून सुरुवात करून जुन्या घरगुती वस्तूंच्या विक्रीचा छोटा व्यवसाय करावा, असे मनात आहे. ओळखीचे लोक सांगतात, की प्रत्येक वस्तूपुढे ‘शंभर वर्षांपूर्वीची’ असे लिहिले की ती चटकन विकली जाते. तसे लिहावे का? आणि सुरुवात कोठून करावी? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपण मोडीला नकार दिलात, याचा मनापासून आनंद झाला. स्टील घरोघरी आल्यानंतर जे पितळ आणि तांबे वितळवले गेले, ते आता कोणालाही परत आणता येणार नाही. मात्र ‘शंभर वर्षांपूर्वीची’ हे शब्द सरसकट लिहू नका, अशी माझी आपणास आग्रहाची विनंती आहे. वस्तू तेवढी जुनी नसेल तर ती गिऱ्हाइकाची फसवणूक ठरते. आणि खरोखरच तेवढी जुनी असेल, तर तिला पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, 1972 लागू होऊ शकतो. या कायद्याच्या व्याख्येत किमान 100 वर्षे जुन्या कलाकुसरीच्या वस्तूही येतात, आणि पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो. त्यामुळे विक्री वाढावी म्हणून केलेला हा दावा आपल्यालाच अडचणीत आणू शकतो. ज्या वस्तूंचे वय शंभरीच्या आसपास वाटते, त्या तूर्त बाजूला ठेवा आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे विचारणा केल्यानंतरच त्यांचा निर्णय घ्या. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या भांड्यांचीही सुरेख विक्री होते. त्यांना ‘जुने’ एवढेच म्हणणे पुरेसे असते.

वय ठरवण्याचे काही आधार भांड्यावरच सापडतात. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची रीत होती आणि पुष्कळदा नावाखाली शकही कोरलेला असतो. त्यात 78 मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे शके 1842 असेल तर ते भांडे 1920-21 मध्ये किंवा त्याआधी घडवलेले आहे. ‘त्याआधी’ म्हणण्याचे कारण असे, की आजीच्या कळशीवर नातवाने नंतर नाव घातल्याची उदाहरणे घरोघरी सापडतात. शेर, पायली, अधोली ही शिक्का मारलेली मापे साधारणपणे 1960 च्या दशकाच्या आरंभापूर्वीची असतात, कारण त्या सुमारास दशमान पद्धती देशभर सक्तीची झाली. काचेच्या वस्तूवर चेकोस्लोव्हाकियाचे नाव असेल तर ती 1918 पूर्वीची असूच शकत नाही, कारण तो देशच त्या वर्षी जन्माला आला. ओगलेवाडीच्या प्रभात कंदिलावरचे नावही असेच पाहण्याजोगे असते. ठोक्याच्या खुणांवर मात्र विसंबू नका. पुण्याच्या तांबट आळीत आजही हाताने ठोकलेली भांडी घडतात. त्याऐवजी झीज पाहा. खरोखर वापरलेले भांडे बुडाशी, काठाशी आणि हात लागतो तेथे झिजलेले असते, तर मुद्दाम काळे केलेले भांडे सगळीकडून सारखेच काळे दिसते.

नजर तयार होण्यासाठी पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक अख्खा दिवस घालवा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर फिरून जमवलेले तेथील दिवे, अडकित्ते आणि वज्र्या पाहिल्यानंतर आपल्या माळ्यावरच्या वस्तूंकडे आपण वेगळ्या दृष्टीने पाहू लागाल. त्यानंतर बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात, आणि शुक्रवार सोडून इतर कोणत्याही दिवशी मुंबईच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर जा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांमध्ये काहीही विकत घेऊ नका, फक्त भाव विचारा आणि वहीत टिपून ठेवा.

वही हा या व्यवसायाचा कणा आहे, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, छायाचित्र काढा, वजन लिहा, आणि ती कोणत्या गावातून, कोणत्या घरातून, कोणाकडून, किती रुपयांना आली, याची नोंद करा. इतरांकडून माल घ्याल तेव्हा त्या माणसाच्या ओळखपत्राची प्रत आणि सहीची पावती घ्या, कारण चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे आणि शंका आली तर ही वहीच आपली साक्ष देते. देवघरातील मूर्ती आणि टाक यांबाबत अधिक सावध राहा. विकणाऱ्याला त्या कोठून आल्या हे नीट सांगता येत नसेल, तर त्या घेऊच नका. हस्तिदंताची मूठ असलेला अडकित्ता किंवा सांबरशिंगाची वस्तू कितीही देखणी असली, तरी विक्रीला ठेवू नका, कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने त्यांचा व्यापार बंद केला आहे.

कोणी वृद्ध बाई भांडी विकायला आणतील, तेव्हा त्यांच्यासमोर वजन करा, त्या दिवसाचा मोडीचा भाव सांगा आणि त्याहून जास्त द्या. जास्त का देत आहात, हेही त्यांना सांगा.

भांडी विकण्यापूर्वी ती घासून लखलखीत करण्याचा मोह टाळा. चिंच लावून आरशासारखे केलेले घंगाळ जाणकाराला नको असते, कारण त्याला वर्षानुवर्षे चढलेला रंगच हवा असतो. मात्र स्वयंपाकासाठी पातेले नेणाऱ्याला कल्हई करूनच द्या, किंवा कल्हई नसल्याचे स्पष्ट लिहून द्या, कारण बिनकल्हईच्या पितळेत ताक, कढी, आमटी कळकते. झाळून दुरुस्त केलेले भांडे केवळ शोभेसाठीच विका. झाळकामात शिसे असू शकते.

जीएसटीसाठी नोंदणी करावी लागली, तर जुन्या वस्तूंसाठीची एक सवलत लक्षात ठेवा : खरेदीवरील कराची वजावट घेतलेली नसेल, तर खरेदी आणि विक्रीच्या किमतींमधील फरकावरच कर भरता येतो. 2,000 रुपयांना घेतलेली समई 3,500 रुपयांना विकली, तर कर 1,500 रुपयांवर बसतो. हेही वहीशिवाय सिद्ध करता येणार नाही.

प्रश्न : माझ्याकडील पणजीच्या काळातील लामणदिवा कॅनडातील भाच्याला भेट म्हणून पाठवता येईल का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : भेट आहे, विक्री नाही, म्हणून कायदा लागू होत नाही, असे समजू नका. पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ती कोणत्याही कारणाने पाठवलेली असो. दिवा 100 वर्षांपेक्षा कमी जुना असावा असे वाटत असेल, तर तो पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून आधी घ्या आणि ते पार्सलसोबत जोडा. तो खरोखरच पणजीच्या काळातील ठरला, तर भाच्यालाच सुट्टीत घरी बोलवा आणि तोवर दिवा घरातच लावत राहा.