केमो चालू असताना घेटुळीचा काढा, हळदीच्या कॅप्सूल द्याव्यात का?

प्रश्न : आईला (वय 58, वजन 60 किलो) सिस्प्लॅटिनची केमो चालू आहे. किडनी जपायला नातेवाईक घेटुळीचा (पुनर्नवा) काढा आणि हळदीच्या कॅप्सूल सुचवतात. द्याव्यात का? वडील केळीच्या बागेत राबतात आणि गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफेनॅक घेतात. त्यांना हा काढा चालेल का?
— एक वाचक, यावल

उत्तर : केमो संपेपर्यंत आईंना दोन्ही देऊ नका.

सिस्प्लॅटिन किडनीच्या बारीक नलिकांच्या पेशींत साचतं आणि ऑक्सिडीकरणाच्या ताणाने त्या पेशी मरतात. हळदीतला मुख्य घटक कर्क्युमिन हा ताण कमी करतो, हे उंदरांवरच्या बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. घोडं अडतं ते मात्रेपाशी. या प्रयोगांत किलोमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत कर्क्युमिन देतात, तेही बहुधा सिस्प्लॅटिनच्या आधीपासून. माणसासाठी ही मात्रा साधारण 6 ने भागतात; म्हणजे आईंना रोज सुमारे 2 ग्रॅम कर्क्युमिन लागेल. हळदीत ते जेमतेम 3 टक्के, म्हणजे 65 ग्रॅम हळद! त्यातलंही रक्तात फार थोडं उतरतं.

ते उतरावं म्हणून अनेक कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपरिन घालतात. पण पायपरिन इतर औषधांचा शरीरात होणारा निचराही रोखतं, त्यामुळे चालू गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. शिवाय हळदीत ऑक्झलेट नावाचा क्षार असतो; मोठ्या मात्रेने तो किडनीत साचून इजा झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत. भाजीतली चमचाभर हळद मात्र खुशाल चालू ठेवा.

घेटुळीने लघवी वाढते. केमोच्या उलट्यांनी अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असताना तो काढा उलटा पडेल.

माणसांत खरा उपयोग दिसला आहे तो सलाईन आणि मॅग्नेशियमचा. दोन्ही दवाखान्यात शिरेतून देतात. घरी आल्यावर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांकडून लिटरमध्ये लिहून घ्या, हृदयाचा त्रास असेल तर आवर्जून. प्रत्येक डोसआधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते यावरून कळतं), पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासलेलं हवं. पाणी पोटात टिकत नसेल किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गावात कुठलंही इंजेक्शन घेण्याआधी सिस्प्लॅटिन चालू असल्याचं सांगा. जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिक इंजेक्शनं किडनीच्या याच नलिकांना दुखावतात.

वडिलांची काळजी आम्हाला जास्त वाटते. मे महिन्यात आपल्या खानदेशात पारा 45 च्या आसपास जातो. घाम जाऊन अंगातलं पाणी घटलं की प्रोस्टाग्लँडिन ही शरीरातली रसायनं किडनीच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवतात. डायक्लोफेनॅक नेमकं तेच बंद पाडतं. सोबत बीपीची रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी असेल तर धोका फार वाढतो. कोणताही काढा हे भरून काढत नाही. रोजची डायक्लोफेनॅकची गोळी थांबवा, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचं जेल चालेल का ते डॉक्टरांना विचारा, आणि याच आठवड्यात त्यांचं क्रिएटिनिन तपासून घ्या.