'माय ब्रिलियंट फ्रेंड'वरून आमच्या वाचनगटात दोन तट पडले. ही मैत्री आहे की मत्सर? पुढचे भाग घ्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात घोडबंदर रोडला दहा-बारा जणींचा वाचनगट आहे. एलेना फेर्रांतेंची ही इटालियन कादंबरी घेतली, नेपल्सच्या गरीब वस्तीत वाढणाऱ्या लीला आणि एलेना या मैत्रिणींची (गोष्ट सांगते ती एलेना), आणि पहिल्याच बैठकीत वाद झाला. निम्म्या म्हणाल्या, "असली कसली मैत्रीण, ही तर सवत." बाकीच्यांना लीलाचा बाप राक्षस वाटला. एकीने "आपल्या जुन्या चाळीसारखंच आहे सगळं" म्हणून विषयच मिटवला आणि दोघींनी नावांच्या गोंधळात पुस्तक चाळिसाव्या पानाशी मिटलं. खोट पुस्तकात आहे की वाचण्यात, हे तुम्हाला कळत नाहीये.

माझ्या मते वाद बरोबर जागी पेटला, फक्त चुकीच्या प्रश्नावर पेटला. चांगली कोण आणि वाईट कोण, असं धरून बसलं की ही कादंबरी हातातून निसटते. तिच्यात दोन गोष्टींवर नजर हवी. सांगतंय कोण, आणि घरात पैसा कुणाच्या हातात आहे.

आधी नावांचं निस्तरा, कारण गळती तिथेच होते. सुरुवातीला घराण्यांप्रमाणे पात्रांची यादी दिलेली असते. बहुतेक जण ती ओलांडून पुढे जातात. तिची एक झेरॉक्स काढा आणि प्रत्येक घरापुढे फक्त धंदा लिहा. चेरुल्लो म्हणजे चांभारकाम, लीलाचं घर. ग्रेको म्हणजे नगरपालिकेतला शिपाई, एलेनाचं घर. काराच्ची किराणावाले, सोलारा बार आणि केकमिठाईवाले, पेलुझो सुतार, स्कान्नो भाजीवाले, सार्रातोरे रेल्वेतला नोकरदार आणि हौशी कवी. धंदा लक्षात राहिला की माणूस आपोआप लक्षात राहतो, कारण या वस्तीत कोण कुणाला दबतं हे धंद्यावरच ठरतं. सगळी नावं पाठ करायला जाऊ नका, पहिल्या शंभर पानांना ही सात घरं पुरतात.

दुसरा घोळ असा, की एकाच मुलीला तीन नावं आहेत. राफाएल्ला चेरुल्लो, तिलाच सगळे लीना म्हणतात आणि 'लीला' म्हणते फक्त एलेना. एलेना हीच लेनूच्चा आणि लेनू. रीनो तर दोन आहेत. सुरुवातीला फोन करतो तो लीलाचा मुलगा, पुढे दुकानात राबतो तो तिचा भाऊ. हे आधी सांगितलं नाही तर वीस पानं डोकं खाजवण्यात जातात. (देवनागरीत 'लीला' लिहिलं की आपल्याकडची लीलामावशी डोळ्यांसमोर येते ती वेगळीच, पण त्याला इलाज नाही.)

आता मत्सराचा मुद्दा. कादंबरी कशी उघडते ते पुन्हा वाचा. साठी ओलांडलेली एलेना तूरीनला राहते आणि लेखिका आहे. लीला नाहीशी झाल्याचं तिला फोनवर कळतं. कपडे, कागद, काही मागे उरलेलं नाही, फोटोंतूनसुद्धा लीलाने स्वतःला कापून काढलंय. हे ऐकून एलेना रडत नाही, ती चिडते. बघू कोण जिंकतं, असं म्हणून लिहायला बसते. म्हणजे पुढची सव्वातीनशे पानं मैत्रिणीच्या आठवणीत गहिवरून लिहिलेली नाहीत. जिला पुसून जायचं होतं तिच्या मनाविरुद्ध ती लिहिलेली आहेत. लीलाबद्दलचं प्रत्येक वाक्य या चिडलेल्या बाईच्या लेखणीतून आलंय, हे विसरलं की गट लीलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो आणि एलेनाला साक्षीदार समजतो. पुस्तकात दोघीही आरोपी आहेत.

हे तपासायला समुद्राचा प्रसंग घ्या. लीलाच्या डोक्यातून निघतं, शाळा बुडवून समुद्र बघायला जायचं. दोघी बोगद्यातून वस्तीबाहेर पडतात. आजवर पुढे असणारी लीला वाटेत बिचकते, पाऊस येतो आणि तीच परत फिरायला लावते. घरी एलेनाला मार बसतो. दुसऱ्या दिवशी वळ पाहून लीला विचारते, नुसतं मारलंच? लॅटिन शिकायला अजून पाठवणार आहेत ना? यावर तुमच्या गटात नक्की कुणीतरी म्हणेल, "बघा, शाळा बंद व्हावी म्हणूनच नेलं होतं." पुढचा परिच्छेद मोठ्याने वाचायला लावा. एलेना स्वतःच तीन शक्यता मांडते. शाळा बंद व्हावी म्हणून नेलं असेल, ती बंद होऊ नये म्हणूनच घाईने परत आणलं असेल, किंवा वेगवेगळ्या क्षणी दोन्ही हवं असेल. निकाल लेखिकेने दिलेला नाही. 'मत्सर' म्हणणारीने पहिली शक्यता उचलली, 'मैत्री' म्हणणारीने दुसरी. तुमच्या दोन तटांचं मूळ एवढंच आहे. माझा कौल तिसरीला.

बाहुल्यांचा प्रसंगही असाच अर्धा लक्षात राहतो. लीला एलेनाची बाहुली तळघरात टाकते हे सगळ्यांना आठवतं. पाठोपाठ एलेना लीलाची बाहुली तिथेच टाकते, हे कुणी बोलत नाही.

आता बाप. पोरीला खिडकीतून फेकतो, तिचा हात मोडतो. याचं समर्थन कुणी करू नये. पण 'राक्षस' म्हटलं की प्रकरण संपतं आणि कादंबरीतला खरा कौटुंबिक झगडा दिसेनासा होतो. त्या काळातल्या इटलीत प्राथमिक शाळा पाच वर्षांची होती. पुढे दोन वाटा फुटत: प्रवेशपरीक्षा देऊन लॅटिन शिकवणारी माध्यमिक शाळा, नाहीतर कामधंद्याकडे वळवणारी शाळा. कायद्याने चौदाव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं होतं, पण गरीब वस्त्यांत ते कागदावरच राहिलं. सगळ्यांसाठी एकच, मोफत माध्यमिक शाळा आली ती १९६२ च्या कायद्याने. या मुली १९४४ च्या, पाचवी संपली ती पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर. सात-आठ वर्षांनी कायदा चुकला. मग शिकवायचं की नाही हे बापाच्या मर्जीवर, आणि मर्जी गल्ल्यावर. परीक्षेच्या तयारीला शिकवणीचे पैसे, पुस्तकांचे पैसे, आणि कामाला लागली असती ते हातही गेले.

चेरुल्लोंच्या घरातलं भांडण नीट वाचलंत तर भाऊ रीनो लीलाच्या बाजूने उभा राहिलेला दिसेल. तो बापाच्या दुकानात राबतो आणि त्याला पगार नाही. मला पगार द्या, मी हिला शिकवीन, असं त्याचं म्हणणं. बाप नाही म्हणतो. मुलीची शाळा आणि मुलाचा पगार हे एकच भांडण आहे. पुढे बहीण-भाऊ बापापासून लपवून बूट बनवतात तेही याच भांडणाचं पुढचं पाऊल. शाळेचं दार बंद झालं तेव्हा लीलाने डोकं चामड्यात घातलं. किशोरवयाच्या भागाचं नावच 'बुटांची गोष्ट' आहे, आणि पुष्कळ वाचकांना तो भाग रेंगाळलेला वाटतो, कारण त्यांना बूट म्हणजे नुसते बूट वाटतात. ते कुठून कुठे जातात, कुणाच्या हातात पडतात, याची पेन्सिलीने समासात नोंद ठेवा. शेवटच्या पानावर ती लागेल.

तसाच तो टीव्ही. मार्चेल्लो सोलारा लीलाच्या मागे लागतो आणि तिच्या घरी टीव्ही आणून बसवतो. तिला तो नकोय, घरच्यांना मात्र तो रोज संध्याकाळी हवा आहे. मुलगी एकटी कशी पडते हे या एका वस्तूने जेवढं कळतं तेवढं पाच संवादांनी कळलं नसतं.

एलेनाच्या आईवर गटात कुणी बोललं नसेल तर एक अख्खी बैठक तिला द्या. लंगडत चालणारी, करवादणारी, कौतुक न करणारी बाई. एलेनाला सगळ्यात मोठी भीती कसली, तर आपणही तशाच चालायला लागू याची. लीलाच्या मागे ती पावलावर पाऊल टाकून जाते, त्याला हीच भीती कारण आहे. म्हणजे मैत्री आणि घरचं भांडण हे दोन विषय नाहीतच. आईपासून पळायला तिला मैत्रीण लागते. "आईचं पात्र नीट रंगवलेलं नाही" अशी तक्रार वाचकांकडून ऐकू येते. रंगवलंय, पण मुलीच्या रागातून. ज्या प्रसंगात आई काही करते आणि एलेना त्यावर काहीच बोलत नाही, ते प्रसंग शोधा.

चाळीची तुलना पहिल्या पंधरा मिनिटांत उपयोगी पडते, नंतर अडथळा होते. उखाळ्यापाखाळ्या, जिन्यातली भांडणं, एकमेकांच्या घरातलं सगळं ठाऊक असणं इथवर जुळतं. पण या वस्तीवर युद्धातल्या काळ्या बाजाराचा पैसा आणि सावकारीची दहशत आहे. काराच्ची घरातल्या बापाला, डॉन आकिल्लेला, पोरं भुतासारखी का घाबरतात, सोलारांच्या गाडीकडे बघून मोठी माणसं गप्प का होतात, हे चाळीच्या जिव्हाळ्यात विरघळून जातं. तुमच्या गटाला जवळची तुलना हवीच असेल तर भाषेची घ्या. लेखिका बोलीभाषेत फारसं लिहीत नाही. अमकी बोलीत म्हणाली, तमकी इटालियनमध्ये म्हणाली, एवढंच सांगते. ॲन गोल्डस्टीन यांच्या इंग्रजी अनुवादातही तसंच आहे. अशा प्रत्येक जागी खूण करा. घरी आगरी आणि शाळेत पुस्तकी मराठी बोललेली एखादी बाई ठाण्याच्या गटात हमखास असते. कुठली भाषा कुणाला गप्प करण्यासाठी वापरली जाते, हे तिला प्राध्यापकांपेक्षा आधी कळेल. तिला बोलू द्या.

वेळापत्रक असं करा. इंग्रजी आवृत्ती सुमारे ३३० पानांची, प्रकरणं छोटी. पहिल्या बैठकीला सुरुवातीचा भाग आणि सगळं बालपण, म्हणजे पुस्तकाचा जेमतेम पाव हिस्सा. दुसरीला नववर्षाच्या रात्रीच्या फटाक्यांपर्यंत. त्या रात्री लीलाला माणसांच्या कडा विरघळताना दिसतात. ते पान चारही खंडांची किल्ली आहे, घाईत उलटू नका. तिसरीला एलेना इस्किया बेटावरून परत येईपर्यंत. यात एलेनावर एका मोठ्या माणसाने केलेला अत्याचार आहे, तेव्हा गटाला आधीच कल्पना द्या. चौथीला लग्न. दर बैठकीला दीड तास पुरे, आणि प्रत्येकीने मत न आणता एक पान आणायचं, तेच वाचून बोलायचं. मतं आणली की भिशी होते. पुस्तकाच्या नावातली 'ब्रिलियंट फ्रेंड' कोण, यावर पैज लावायची असेल तर लग्नाच्या सकाळपर्यंत थांबा, मी इथे सांगत नाही.

२०१८ ला आलेली मालिका चांगली आहे, पण चौथ्या बैठकीनंतर बघा. पडद्यावर लीला दिसते. पुस्तकात लेनूला दिसलेली लीला दिसते. आधी मालिका बघितलेल्यांना तो फरक पुन्हा धरता येत नाही. आणि फेर्रांते हे टोपणनाव कुणाचं, यावर अर्धा तास घालवू नका. ही कादंबरी वाचायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

इंग्रजी जड जाणाऱ्यांसाठी जोडीला शांता गोखले यांची 'रीटा वेलिणकर' ठेवा. घराचा भार उचलणारी थोरली मुलगी आणि तिची मैत्रीण सरस्वती, म्हणजे हाच धागा मराठीत. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आधी विचारा. १८९३ पासूनची संस्था आहे, जुनी मराठी कादंबरी तिथे मिळायची शक्यता चांगली.

पुढच्या भागांबद्दल. चार खंड मिळून सुमारे १७०० पानं होतात (मूळ इटालियन २०११ ते २०१४). सगळे एकदम विकत घेऊ नका. दुसरा घ्या, तो पहिल्यापेक्षा सरस आहे असं माझं मत, पण त्यात लग्नानंतरची मारहाण आणि जबरदस्ती थेट येते. तेव्हा "मग सोडून का देत नाही त्याला?" हा प्रश्न निघणारच. त्याआधी एवढं सांगून ठेवा: आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट १९५५ ला आला, इटलीत तो आला १९७० ला. आणि कुटुंबावरची नवऱ्याची कायदेशीर सत्ता तिथे १९७५ पर्यंत टिकली. लीलाचं लग्न होतं सोळाव्या वर्षी, १९६० च्या आसपास.